खिमा बॉल आणि बुडवायची चटणी: फसलेले-जमलेले अनुभव लिहा

रत्नागिरी
गेल्या गटारीला घरी चौदा माणसं. एक किलो मटण खिमा, घरचा मालवणी मसाला आणि व्हिडिओ बघून आलेला आत्मविश्वास. पहिला घाणा तेलात सोडला नि गोळे कढईतच सुटले. झाऱ्यावर आली ती भुर्जी. शेवटी पाव मागवले आणि खिमा-पाव म्हणून वाढलं. कुणी काही बोललं नाही, पण मला कळलं ना! यंदा पुन्हा करायचंय. ज्यांचे फुटले त्यांनीही लिहा.

चिपळूण
ताई, खिमा धुतलात ना? तिथेच घोटाळा. धुतलेला खिमा पाणी धरून बसतो. मी मटणाचे बिनहाडाचे तुकडे आणते, धुऊन पंच्यात कोरडे करते, फ्रीजमध्ये गार करते आणि मग मिक्सरला थांबत थांबत फिरवते. कांदा किसून पिळायचा (ते पाणी रश्शात घाला, टाकू नका). अर्धा किलोला पावाचे दोन स्लाइस दुधात भिजवून, पिळून, आणि एक अंडं. पाव म्हणजे भेसळ असं आमच्या ह्यांचं मत, पण त्याच्याशिवाय गोळे रबरासारखे होतात.

आणि मळा. मीठ घालून बोटांना चिकटेपर्यंत मळा, कारण मिठाने मांसातलं चिकट प्रथिन सुटतं आणि तेच गोळा बांधतं. आवळ्याएवढे केले की तीसेक होतात. अर्धा तास फ्रीज, मग एकच गोळा तळून चाखायचा. मीठ-तिखटही तिथेच कळतं.

वेंगुर्ला
तळताच कशाला? आप्पेपात्र काढा. खळग्यात चमचाभर तेल, मंद आच, झाकण, मग उलटवायचे. आकार आयता गोल.

गुहागर
मंद आचेला माझं अनुमोदन. पाहुणे दारात आले म्हणून मी गॅस मोठा केला. बाहेरून काळे, आतून गुलाबी! आख्ख्या तुकड्यावरचे जंतू बहुतेक वरवर असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळतात, त्यामुळे कच्चं चालवून घेऊ नये. मुंबईच्या भाच्याने थर्मामीटर आणून दिलाय. मधोमध ७१ अंश सेल्सिअस, चिकन असेल तर ७४.

देवगड
चटणीचं कुणीच लिहीत नाही! बाटलीतला टोमॅटो सॉस ठेवणार असाल तर एवढी मेहनत कशाला? मी कोकमाचं आगळ घेते. पाव वाटी आगळ, एक वाटी पाणी, अर्धी वाटी गूळ, ठेचलेला लसूण, बेडगीची भरड. उकळी आली की चमचाभर कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून घालायचं. गार झाल्यावर आणखी दाटते, म्हणून जरा पातळ असतानाच उतरवा.

माझी फजिती अशी की पहिल्यांदा सवयीने वर मीठ घातलं. आगळात मीठ असतंच. सगळी चटणी समुद्राचं पाणी! वाचवायला गूळ घालत गेले, तर पातेलंभर झाली. महिनाभर घावन्यांशी खाल्ली.

मालवण
आमच्याकडे मटणापेक्षा कोलंबी. निम्मी वाटायची, निम्मी बारीक चिरायची. पाव नको, अंडं नको, आपोआप चिकटते. फक्त जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा फ्रीजरमधली वापरावी लागते आणि ती पाणी सोडते, नीट पिळून घ्या. कोलंबी न सोसणारं कुणी आहे का, तेही आधी विचारा. सासूबाईंनी एक चाखला, टूथपिककडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरे झालेत गो, पण वडे खंय आसत?"

रत्नागिरी
मंडळी, केले! न धुता, पिळून, मळून, आप्पेपात्रात. एक किलोचे अठ्ठावन झाले, त्यातले नऊ मुलांनी "चाखायला" म्हणून ओट्यावरच संपवले. चटणी देवगडच्या ताईंची, मीठ न घालता. आप्पेपात्र शेजारच्या काकूंचं आहे आणि अजून परत केलेलं नाही.