कृषी विद्यापीठ बंद झालं तर शेतकऱ्याचं नेमकं काय अडेल?

अंबडची_लेक (पुणे)

परवा घरात जोरदार वाद झाला. माझे दीर म्हणाले, "राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चार चार कृषी विद्यापीठं सरकार पोसतंय कशाला? पोरं बीएस्सी ॲग्री करतात आणि एमपीएससीच्या मागं लागतात. एवढाल्या जमिनी अडकून पडल्यात. बियाणं तर दुकानात कंपनीचंच मिळतं." मला काही बोलता येईना. वडिलांची शेती अंबड तालुक्यात, पण मी कॉलेजपासून पुण्यात. प्रत्यक्ष शेती करणाऱ्यांनी सांगा, उद्या विद्यापीठाला कुलूप लागलं तर तुमचं काय अडेल? भाषण नको, उदाहरण द्या.

लातूरकर

काही अडणार नाही. आमच्या गावात सल्ला कृषी सेवा केंद्रवाला देतो, औषध तोच देतो, उधारीही तोच देतो. विद्यापीठाचे शास्त्रज्ञ फक्त मेळाव्यात दिसतात.

हलकं_रान (बदनापूर)

ताई, माझं रान बदनापूरजवळ. इथं परभणीच्या विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे, तुरीचं काम तिथं चालतं. म्हणून तुरीचंच सांगतो.

आमच्याकडं जमीन हलकी ते मध्यम. जुनी तूर सहा महिने रानात उभी राहायची. पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पाठ फिरवतो आणि ही बाई डिसेंबरात शेंगा भरायला बसणार. तोवर जमिनीतली ओल गेलेली. शेंगा दिसायला भरपूर, आत दाणा बारीक. शिवाय मर आणि वांझ रोग होतेच. बदनापूरनं २०१२ च्या सुमारास बीडीएन ७११ ही नवी जात दिली. पांढरी तूर, साधारण १५० ते १५५ दिवसांत काढणीला येते. ओल संपायच्या आत दाणा भरून मोकळी. चमत्कार वगैरे काही नाही, महिनाभर आधी निघणारं पीक, एवढंच. पण आमच्यासारख्या कोरडवाहू माणसाच्या घरात तूर येते की नुसत्या तुराट्या, हे त्या महिन्यावरच ठरतं.

आता दुकानातलं बियाणं. तुमच्या दिरांनी पाहिलं ते खरंय, पण ते कापसाचं खरंय. कापसाचं बियाणं संकरित. घरची सरकी पेरून पुढच्या वर्षी तसं पीक येत नाही, म्हणून दर जूनला पाकीट घ्यावंच लागतं. कंपनीला असंच गिऱ्हाईक पाहिजे. ही तूर मात्र सरळ वाण. एकदा पिशवी आणली की पुढची दोन-तीन वर्षं घरचंच बी चालतं. मधमाश्यांमुळं शेजारच्या तुरीची भेसळ होत जाते तेव्हा परत नवं आणायचं. शिवाय माझं बी मेव्हणा नेतो, त्याच्याकडून त्याचा शेजारी नेतो. सांगा बरं, दहा-बारा वर्षं खपून असा वाण कोणती कंपनी काढील? दुसऱ्यांदा विकता येत नाही अशा मालावर पैसा घालणारं कुणीतरी लागतं. ते राज्यानंच घालायचं असतं, आणि त्यासाठीच ही विद्यापीठं आहेत.

लातूरकर दादा, तुमच्या केंद्रवाल्याकडं महाबीजच्या, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाच्या पिशव्या असतीलच. त्यातल्या विद्यापीठाच्या वाणांचं मूळचं पैदासकार बियाणं, म्हणजे वाण काढणाऱ्या शास्त्रज्ञाच्या (पैदासकाराच्या) हातचं थोडंसं बी, विद्यापीठातच तयार होतं. ते वाढवून त्याचं पायाभूत बियाणं, मग त्यापासून प्रमाणित, तेव्हा निळा टॅग लागून पिशवी दुकानात येते. पिशवीवर विद्यापीठाचं नाव मोठ्या अक्षरात नसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

कापसात विद्यापीठं मागं पडली, हेही खरं. नांदेडच्या केंद्राची एनएचएच ४४ ही कापसाची संकरित जात एके काळी मराठवाडा-विदर्भात घरोघरी होती. २००२ ला बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेलं कापसाचं बियाणं आलं आणि सगळं चित्र पालटलं.

अकोला_जिल्हा

आमच्याकडं १९६७ साली विद्यापीठासाठी आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली. त्यानंतर १९६९ ला अकोल्याचं विद्यापीठ. पण गंमत बघा, विदर्भात सोयाबीन पसरलं ते जेएस ३३५ या वाणावर, आणि ते मध्य प्रदेशातल्या जबलपूरच्या विद्यापीठाचं! आता लोक केडीएस ७२६ मागतात, ते सांगलीजवळच्या कसबे डिग्रजचं, म्हणजे राहुरीचं. मग राज्याला उपयोग झाला म्हणायचं ते नेमकं कुठल्या राज्याला?

हलकं_रान (बदनापूर)

भाऊ, बी काही नाक्यावर थांबत नाही. जबलपूरचं आपण पेरलं. आपल्याकडची परभणी क्रांती भेंडी राज्याबाहेर किती लोकांनी लावली.

लातूरकरांच्या तक्रारीतलं एक मात्र मला पटतं. शास्त्रज्ञ दिसत नाहीत, कारण बऱ्याच ठिकाणी ते नाहीतच. जागा रिकाम्या आहेत. पैदासकार निवृत्त झाला आणि त्याच्या हाताखाली नवा माणूसच आला नाही, तर नव्या वाणासाठी निवडत आणलेल्या, अर्धवट राहिलेल्या ओळींचं पुढं काय करायचं हे कोण ठरवणार? नुसती जमीन मोजून विद्यापीठ चालतंय की नाही ते कळत नाही. आणि पोरं एमपीएससी करतात म्हणून विद्यापीठाला नावं का ठेवायची? पैदासकाराची जागा भरा, मग बघू किती पोरं तिकडं जातात.

अंबडची_लेक (पुणे)

दादा, हे सगळं दिरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुरीपुरतं मान्य." त्यांच्या तोंडून इतकं निघालं हेच खूप! बाबांना विचारलं तर ते म्हणतात आपल्याकडं अजून जुनीच लाल तूर आहे. नवं बी कुठं मिळेल?

हलकं_रान (बदनापूर)

परभणीला १८ मे रोजी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी खरीप मेळावा असतो, बियाणं विक्री तिथं सुरू होते. पहाटेपासून रांग लागते, उशिरा गेलात तर पिशवी मिळायची नाही. बाबांना तेवढा प्रवास झेपत नसेल तर बदनापूरच्या केंद्रावर आधी चौकशी करा. लालच हवी असेल तर बीडीएन ७१६ बघा. पण जालन्याच्या मोंढ्यात नेणार असाल तर पांढरी घ्या, तिथं पांढरीला गिऱ्हाईक बरं असतं. आणि पहिल्या वर्षी सगळं रान एकाच वाणाखाली घालू नका म्हणावं, दोन एकर लावून बघा.