टीएसएच ‘नॉर्मल’ असूनही थायरॉईडच्या गोळीचा डोस जास्त होत असेल का?

प्रश्न : कृष्णाकाठ

सर्व जाणकारांस नमस्कार. माझी आई ६६ वर्षांची असून वाईला राहते. हाशिमोटो प्रकारच्या थायरॉईड विकारासाठी ती अनेक वर्षांपासून लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉक्सिन या थायरॉईडच्या संप्रेरकाची, गोळी घेत आहे. पावसाळ्यात तिचा टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक, थायरॉक्सिन कमी पडले की हे वाढते आणि जास्त झाले की घटते) ९.६ आला, म्हणून डॉक्टरांनी डोस १०० मायक्रोग्रॅमवरून १२५ केला. त्यानंतर तीन आठवड्यांनी केलेल्या तपासणीत टीएसएच २.३ आला आणि अहवालावर ‘सामान्य मर्यादेत’ असा शेरा पडला.

त्यानंतरच तिच्यात असे बदल दिसू लागले आहेत, जे वयाच्या खात्यावर टाकणे मला पटत नाही. रात्री दोनच्या सुमारास जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. थंडीतही ती अंगावरचे पांघरूण बाजूला सारते. जेवण पूर्वीसारखेच असून वजन ५९ किलोवरून ५५ वर आले आहे. सुईत दोरा ओवताना बोटे थरथरतात, आणि जन्मभर बद्धकोष्ठाची तक्रार असलेल्या तिला आता दिवसातून तीनदा शौचाला जावे लागते. डॉक्टरांना सांगितले असता “रिपोर्ट नॉर्मल आहे, त्या काळजी फार करतात” एवढेच उत्तर मिळाले. शेजारच्या काकू गोळी निम्मी करून पाहायला सांगतात, पण तसे करण्यास मन धजत नाही.

आणखी दोन गोष्टी नोंदवते. पूर्वी ती सकाळी चहाबरोबर थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेत असे. कॅल्शियमने पोट साफ होत नाही म्हणून ती गोळी मध्यंतरी बंद केली. शिवाय केस गळतात म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेल्या एका कॅप्सूलचा क्रम चालू आहे. टीएसएच मर्यादेत असताना डोस जास्त होऊ शकतो का, आणि तो कसा ओळखावा?

उत्तर : निवृत्त फिजिशियन, कोल्हापूर

ताई, होऊ शकतो, आणि आपण दिलेल्या माहितीवरून आईंच्या बाबतीत ती शक्यता बरीच ठळक दिसते. अर्थात मी त्यांना तपासलेले नाही, हे लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

सर्वांत आधी तपासणीची वेळ पाहा. लेव्होथायरॉक्सिन शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ७ दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर रक्तातील पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. टीएसएच हा तर थायरॉईडचा नव्हे, पीयूषिका ग्रंथीचा स्राव आहे, आणि ती ग्रंथी रक्तातील बदलाला उशिराने प्रतिसाद देते. म्हणूनच डोस बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहण्याची पद्धत आहे. तीन आठवड्यांत तो ९.६ वरून २.३ वर आला, याचा अर्थ तो २.३ वर थांबला असा होत नाही. तो उतरत असताना मध्येच कुठेतरी आपण तो मोजला. आज मोजला तर तो ०.१ च्याही खाली असू शकेल.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते आणि ती आपण जाता जाता लिहिली आहे. कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवतात, त्यामुळे या दोहोंत किमान चार तासांचे अंतर ठेवावे लागते. आईंना १०० मायक्रोग्रॅमची गोळी मिळत होती, पण तिचा पूर्ण अंश रक्तात पोहोचत नसावा, आणि ९.६ हा आकडा कदाचित त्यामुळेच आला असावा. पुढे डोस वाढला आणि कॅल्शियमही सुटले, म्हणजे औषध कागदावर पंचवीस मायक्रोग्रॅमने वाढले, तरी शरीरात त्याहून बरेच जास्त वाढले असणार. डोस वाढवण्याआधी “गोळी कशाबरोबर घेता?” हा प्रश्न विचारला जायला हवा होता, आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत नेमका तोच राहून जातो.

थायरॉईड जवळजवळ निकामी झालेल्या प्रौढाला दर किलो वजनामागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागते असा ढोबळ हिशोब आहे. ५५ किलोला ते ८८ च्या आसपास येते, आणि उतारवयात गरज बहुधा त्याहूनही कमी असते. हिशोब ढोबळच आहे, परंतु १२५ हा आकडा त्यापासून बराच दूर आहे.

आता लक्षणांविषयी. धडधड, कंप, घाम आणि निद्रानाश ही सारी चिंतेतही दिसतात, म्हणून त्यांवरून एकदम निष्कर्ष काढू नये. फरक ओळखण्याच्या काही जुन्या खुणा मात्र अजूनही उपयोगी पडतात. चिंतेत नाडी जागेपणी जलद असते आणि झोपेत शांत होते. थायरॉक्सिन जास्त असेल तर ती झोपेतही जलदच राहते. चिंताग्रस्त माणसाचे तळहात घामेजलेले पण गार लागतात, इथे ते ओलसर आणि उबदार लागतात. हात पुढे ताणून बोटे पसरायला सांगून त्यांवर कागद ठेवला की बारीक कंप स्पष्ट दिसतो. आणि भूक टिकून असताना वजन घटणे, त्याबरोबर शौचाची सवय बदलणे, हे नुसत्या काळजीने सहसा होत नाही.

वृद्धांत कधी कधी याच्या उलट चित्रही दिसते: कंप नाही, अस्वस्थता नाही, नुसता थकवा, जिना चढताना मांड्यांत त्राण नसणे आणि अनियमित नाडी. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीच्या पुढच्या ज्या व्यक्तींचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यात पुढील दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड, होण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले होते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत हाडे ठिसूळ होण्याचा धोका वेगळाच.

दोन प्रश्न: सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी आईंची नाडी पूर्ण एक मिनिट मोजली तर किती भरते? आणि त्या रक्तदाबासाठी कोणती गोळी घेतात? मेटोप्रोलोल किंवा अॅटेनोलोल ही हृदयाची गती कमी करणारी गोळी असल्यास धडधड आणि कंप दोन्ही झाकले जातात.

उत्तर : प्रयोगशाळेतून

मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून फक्त नमुन्यापुरते लिहिते. केसांसाठीच्या कॅप्सुलांत बहुधा बायोटिन हे जीवनसत्त्व असते, आणि काहींमध्ये ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असते. रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते. ज्या यंत्रांतील चाचणी बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन पद्धतीवर (मोजणीसाठी बायोटिनच वापरून) चालते, तेथे असा नमुना टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ (रक्तातील मोकळे थायरॉक्सिन) खोटा जास्त दाखवतो. याचा अर्थ, फेरतपासणीत डोस फार जास्त असल्याचे दिसले तरी त्यातला काही भाग कॅप्सूलचा असू शकतो. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ती बंद ठेवावी आणि नमुना घेणाऱ्यास तसे सांगावे.

नमुना सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्यावा, कारण गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-४ वर चढलेला असतो. दर वेळी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच सुमारास जावे. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, त्यामुळे सकाळच्या आणि दुपारच्या आकड्यांची तुलना फारशी उपयोगाची नसते.

क्वचित एखाद्या व्यक्तीत टीएसएच प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) चिकटून रक्तात साचतो आणि यंत्रावर खोटा जास्त दिसतो. अशा माणसाचा डोस केवळ टीएसएच पाहून वाढवत गेले तर अहवाल नॉर्मल होईपर्यंत औषध जास्त झालेले असते. हे दुर्मीळ आहे, पण लक्षणे आणि आकडे सातत्याने विसंगत असतील तर नमुना दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर तपासून घेणे योग्य ठरते.

उत्तर : भीमथडी

वरील मताशी असहमती नाही, मात्र दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. मलाही धडधड आणि झोपमोड होत होती, आणि सगळा दोष मी गोळीला देत होते. डोस तोच ठेवून योग्य अंतराने दोनदा केलेला टीएसएच मात्र २ च्या आसपासच राहिला, फ्री टी-४ सुद्धा मर्यादेच्या मध्यावर होता. शेवटी हिमोग्लोबिन ८.४ निघाले. लोह सुरू केल्यावर, अर्थात थायरॉईडच्या गोळीपासून चार तास दूर, तक्रारी गेल्या आणि डोस आजही तोच आहे. आईंचे हिमोग्लोबिन व साखरही त्याच नमुन्यातून पाहून घ्यावी.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी उठण्यापूर्वी नाडी मोजली. ९२ भरली, आणि मोजताना मध्ये मध्ये ठोका चुकल्यासारखा वाटला. रक्तदाबासाठी ती मेटोप्रोलोलच घेते. कॅप्सूलच्या डबीवर बायोटिन १० मिलिग्रॅम लिहिलेले आहे. ती आजपासून बंद केली. डॉक्टरांची वेळ सोमवारी मिळाली आहे. तोपर्यंत थायरॉईडची गोळी बंद ठेवू का?

उत्तर : निवृत्त फिजिशियन, कोल्हापूर

ताई, सोमवारपर्यंत थांबू नका. मेटोप्रोलोल चालू असताना विश्रांतीत ९२ ठोके आणि त्यातही अनियमितता, हे रिपोर्टवरील कोणत्याही आकड्यापेक्षा बोलके आहे. आजच जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका असतो आणि त्याचे उपचार थायरॉईडच्या डोसची वाट पाहत नाहीत. छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येऊन पडणे किंवा बोलण्यात अडखळणे यांपैकी काहीही झाले तर तडक तातडीच्या विभागात जावे.

मेटोप्रोलोल मात्र अचानक बंद करू नये, त्याने हृदयावर उलटा ताण येतो. थायरॉईडच्या गोळीचा निर्णय ईसीजी पाहणाऱ्या डॉक्टरांनाच घेऊ द्या. औषध शरीरातून सावकाश जात असल्याने आजची एक गोळी चुकवून आजच आराम पडणार नाही, तसेच त्यांच्या सांगण्यावरून दोन-चार दिवस खंड पडला तरी आईंना अपाय होणार नाही. टीएसएच, फ्री टी-४ आणि फ्री टी-३ (थायरॉईडचे दुसरे संप्रेरक) चा नमुना बायोटिन सोडून दोन दिवस झाल्यावर, म्हणजे परवा सकाळी, द्यावा. रुग्णालयात आजच रक्त घेतले तर बायोटिनचा उल्लेख अवश्य करावा.

जाताना पावसाळ्यातला आणि नंतरचा असे दोन्ही अहवाल, गोळ्यांची बाटली आणि कॅप्सूलची डबी बरोबर न्या, आणि डोस वाढल्याची व कॅल्शियम बंद झाल्याची तारीख एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. “रिपोर्ट नॉर्मल आहे” असे पुन्हा ऐकू आले, तर तो नमुना डोस बदलल्यावर तिसऱ्याच आठवड्यात घेतलेला होता, एवढे शांतपणे सांगा. ईसीजीत काय निघाले ते येथे कळवावे.