मदत हवी आहे: सोळा वर्षांच्या फास्ट बोलरच्या कमरेत स्ट्रेस फ्रॅक्चर

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, क्रिकेटच्या विभागात पहिल्यांदाच येतेय.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मुलगा अकरावीत, उजव्या हाताने फास्ट टाकतो. जानेवारीच्या शेवटी एमआरआय केला, त्यात कमरेच्या शेवटच्या मणक्याला डाव्या बाजूला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. निदान तीन-चार महिने बोलिंग पूर्ण बंद, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यातला दीड महिना आता झाला.

दुखणं डिसेंबरपासूनच होतं. साहेबांनी तोंडातून शब्द काढला नाही. माळ्यावरचा डबा काढायला वर हात केला, जरासा मागे वाकला की डावा हात आपोआप कमरेवर जायचा. मला वाटलं, उसण भरली असेल. तेल लावून शेकलं. मग एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी एक्स-रे पाहून सगळं ठीक आहे म्हणत पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं दबलं आणि हा त्या जोरावर आणखी तीन सामने खेळला. असं फ्रॅक्चर सुरुवातीला एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, हे मला नंतर कळलं.

एमआरआयच्या रात्री झोप येईना. दुधाचा हिशेब मी कालनिर्णयवर लिहिते, त्याच चौकोनात याच्या मॅचही टाकलेल्या असतात, डबा द्यायचा असतो म्हणून. पानं उलटून मोजायला बसले. 11 डिसेंबर ते 2 जानेवारी या 23 दिवसांत हा 14 दिवस बोलिंग करत होता. हायर सेकंडरीची टीम वेगळी, क्लब वेगळा. त्यात जत्रांचे दिवस, सरदाचं भात कापलेलं, म्हणजे शेतात टेनिस बॉलच्या टूर्नामेंट. त्याला उठवून विचारत विचारत बेरीज केली. नुसत्या सामन्यांतल्या 97 ओव्हर. नेट्स त्यात धरलेलेच नाहीत. क्लबचे सर त्यांच्यापुरत्या ओव्हर मोजतात, शाळेचे सर त्यांच्यापुरत्या, आणि गावातल्यांना मोजण्याशी काही देणंघेणं नाही. एकूण बेरीज कोणाकडेच नव्हती. दुधाची माझ्याकडे होती.

आता घरात वाद चाललाय तो ॲक्शनवरून. बोलिंग टाकताना याची कंबर एकीकडे आणि खांदे भलतीकडे असतात. मिस्टरांचं म्हणणं, ॲक्शन मुळापासून बदलायची. ते ऑस्ट्रेलियाचा जुना फास्ट बोलर डेनिस लिली याचं उदाहरण देतात: 1973 मध्ये पाठीला फ्रॅक्चर, मग ॲक्शन सुधारून परत आला आणि 355 कसोटी बळी घेऊनच थांबला. माझा भाऊ इंग्लंडच्या जेम्स अँडरसनचं नाव काढतो. त्याची ॲक्शन प्रशिक्षकांनी बदलायला घेतली, 2006 मध्ये पाठ गेली, मग तो आपल्या मूळ ॲक्शनवर परत आला आणि 188 कसोटी खेळून 2024 मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्त झाला. दोघंही बरोबर बोलत असतील, पण मी कोणाचं ऐकू? (इंग्लंडमध्ये बुमराह पाचांतल्या तीनच कसोटी खेळला तेव्हा "याला एवढं जपायचं कशाला" म्हणून आमच्याकडे सोफ्यावरून आरडाओरडा चालायचा. तो आवाज आता बंद आहे.)

मला हवंय ते असं. असे बोलर नेहमी पाहणारे फिजिओ गोव्यात कोणाला माहीत आहेत का? कोल्हापूर, बेळगावही चालेल. ॲक्शन बदलायचीच असेल तर ती कधी? आणि या वयाच्या मुलाला चार महिने घरात सांभाळायचं कसं? संध्याकाळी नेट्सची वेळ झाली की तो गच्चीवर जाऊन बसतो. डॉक्टरांचे नंबर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, धाग्यावर नको.

– तिरफळ

फोंडेकर:
तिरफळताई, मी तुमच्या मुलाच्या जागी होतो, फक्त माझं वय 19 होतं. मी गोळ्या खाऊन सीझन काढला. पुढे सहा महिने थांबलो तरी एका बाजूचं हाड जुळलं नाही ते नाहीच. आता ऑफिसच्या टीमकडून ऑफस्पिन टाकतो, तेही सकाळी कंबर काय म्हणते ते पाहून. तुमचं लवकर सापडलंय, हे लहानसहान समजू नका.

टेनिस बॉलला "त्यात काय जातंय" म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. बॉल हलका, म्हणून वेग काढायला पोरगा अंग जास्तच झोकतो. खाली शेताची वाळून दगड झालेली जमीन आणि पायात साधे बूट.

हाडवैद्य_नव्हे:
मी फिजिओ आहे, कोल्हापूरला. रिपोर्ट न बघता उपचार सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा प्रांत. थोडं समजावते.

पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार अंगावर येतो. त्याच क्षणी बोलरची कंबर मागे वाकलेली, बाजूला झुकलेली आणि शिवाय पिळलेली असते. उजव्या हाताच्या बोलरला तो पीळ बहुतेकदा डावीकडे बाधतो, म्हणून तुमचा रिपोर्ट अगदी नेहमीचा आहे. वाढत्या वयात तिथलं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. रोज थोडी झीज आणि थोडी भर चालूच असते. भर पडायला दिवस मिळाले नाहीत की चीर जाते. 23 दिवसांत 14 म्हणजे त्याला दिवस मिळालेच नाहीत.

सर्वात फसवी गोष्ट म्हणजे दुखणं थांबणं. ते हाड जुळण्याच्या बरंच आधी थांबतं. त्या दिवशी मुलगा म्हणेल, "आई, मी ठणठणीत आहे." तिथे विरघळू नका.

ॲक्शनचं म्हणाल तर कंबर आणि खांदे एका रेषेत आणणं एवढी दुरुस्ती करण्यासारखी आहे, पण आत्ता नाही. आधी हाड, मग पोट, पाठ आणि नितंबाच्या स्नायूंची ताकद, मग चालत टाकायचे चेंडू, मग छोटा रनअप, आणि या टप्प्यावर ॲक्शनला हात. लिली आणि अँडरसनला तेवढा वेळ भांडू द्या. सलग दोन दिवस बोलिंग नाही, आणि सुट्टीनंतर एकदम पूर्ण स्पेल तर नाहीच. इंग्लंडमध्ये मुलांच्या वयाप्रमाणे एका स्पेलच्या आणि दिवसाच्या ओव्हरची मर्यादा घालून दिली आहे. आपल्याकडे ती मर्यादा तुमच्या कॅलेंडरलाच घालावी लागेल. व्यनि केलाय.

फोंडेकर:
गच्चीवर बसणाऱ्याला ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर पॅट कमिन्स याची गोष्ट सांगा. 18 व्या वर्षी जोहान्सबर्गला पदार्पण, एका डावात 6 बळी, सामनावीर. ते 2011. पुढची कसोटी थेट मार्च 2017 मध्ये रांचीला. मधली वर्षं बरीचशी पाठ आणि दुखापती सांभाळण्यातच गेली. नंतर तोच कप्तान झाला.

तिरफळ:
फोंडेकर, हाडवैद्यताई, मनापासून आभार. व्यनि मिळाला, येत्या शनिवारी कोल्हापूरला येतोय. कमिन्सची गोष्ट त्याला पाठ आहे. उलट तोच मला ऐकवतो, आणि शेवटी "म्हणजे सहा वर्षं?" असं विचारतो. तिथे मला काही सुचत नाही.

काल कालनिर्णयवर दुधाच्या खाली त्याने आपल्या हाताने चार रकाने आखलेत: क्लब, शाळा, नेट्स, गाव. "गाव" च्या रकान्यावर मी काट मारली, तर तो एक दिवस बोलला नाही माझ्याशी.

आणि टूर्नामेंटवाल्यांचे फोन थांबलेले नाहीत. आज सकाळीच एक जण, "काकी, दोनच ओव्हर टाकूं दे, फायनल आसा." मी म्हटलं, एमआरआयची फिल्म पाठवते, ती अंपायरला दाखव. त्यानेच फोन ठेवला.