फॉस्टरकडची मोठी कुत्री दत्तक घ्यायची आहे. शांत आहे की घाबरलेली, कसं ओळखायचं?

सांजवेळ:

नमस्कार मंडळी. आमचा आधीचा कुत्रा चौदा वर्षं आमच्याजवळ होता. तो जाऊन दीड वर्ष झालं, आता कुठे घरात पुन्हा विषय निघालाय. पिल्लू नको यावर सगळ्यांचं एकमत आहे. सासूबाई काठी घेऊन चालतात, पिल्लू पायात घुटमळलं तर त्या पडतील ही धास्ती. शिवाय मोठ्या कुत्र्याला घर मिळणं अवघड असतं हेही डोक्यात होतं.

एका फॉस्टरताईंकडे (कायमचं घर मिळेपर्यंत कुत्री स्वतःच्या घरी सांभाळतात त्या) चार-पाच वर्षांची कुत्री आहे (वय डॉक्टरांनी दातांवरून सांगितलेलं, म्हणजे अंदाजच). नसबंदी झालीय, लसी झाल्यात. तीन महिने त्यांच्या घरी आहे. आम्ही दोनदा भेटून आलो. पहिल्या दिवशी ती टेबलाखालून बाहेरच आली नाही. दुसऱ्या वेळी अर्ध्या तासाने आली, माझा पाय हुंगला आणि पावलावर हनुवटी टेकवून बसली. मला तिथेच भरून आलं. नंतर माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने तिच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला तर अजिबात हलली नाही.

फॉस्टरताई म्हणतात, गुणाची आहे, हूं की चूं करत नाही. यांना नेमकं तेच खटकतंय. म्हणाले, "कुत्रं इतकं गप्प कसं?" आता माझ्याही मनात किडा वळवळतोय. काय बघावं, काय विचारावं?

ओसरी:

ताई, तुमच्या यजमानांची शंका रास्त आहे. माझ्या घरी आजवर अकरा कुत्री फॉस्टर म्हणून राहून गेली, त्या जोरावर लिहिते.

"अजिबात हलली नाही" हे मी दोनदा वाचलं. घाबरलेलं कुत्रं पळतं, गुरगुरतं, नाहीतर थिजतं. पळणारं आणि गुरगुरणारं सगळ्यांना दिसतं. थिजलेल्याला लोक गरीब स्वभावाचं म्हणतात. माझ्याकडे एक काळा कुत्रा आला होता, नऊ दिवस वॉशिंग मशीनमागे पडून होता. कोणीही हात लावा, अंग चोरून गप्प. दहाव्या दिवशी एक कुटुंब आलं, "किती शांत आहे" म्हणालं, आणि मी देऊन टाकला. तिसऱ्या आठवड्यात तो तिथे जरा सावरला आणि खाण्याच्या भांड्याजवळ आलेल्या मुलावर गुरगुरला. परत आला. चूक त्या कुटुंबाचीही नव्हती आणि कुत्र्याची तर नव्हतीच. मी घाई केली. त्याला परत गाडीतून उतरताना पाहिलं ते अजून विसरता येत नाही.

म्हणून पुढच्या भेटीत एवढं करा. तिच्यावर वाकू नका, डोक्यावर हात नको. बाजूला जमिनीवर बसा, ती जवळ आली तर छातीला किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. मग नुसतं थांबा. नाक लावून हात ढोसला, अंग रेललं, तर तिला हवंय. तोंड फिरवलं, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलं, तर नकोय. तिने नको म्हटलं आणि तुम्ही ऐकलंत, हेही तिच्या लक्षात राहतं. हे मुलाला आधी शिकवा.

पण पावलावर हनुवटी टेकवली ते मला फार आवडलं. ते तिने आपणहून केलं. टेबलाखालून निघायचं की नाही, हे तिचं तिने ठरवलं.

आणि फॉस्टरताईंना "स्वभाव कसा आहे" असं विचारू नका, उत्तर छानच येणार. विचारा, पहिल्या आठवड्यात काय करायची आणि आता काय करते? खाताना कोणी जवळून गेलं तर? एकटी ठेवून बाहेर गेल्यावर? झोपेत दचकवलं तर? तीन महिन्यांत काहीच बदललं नसेल तर मी जरा थांबेन.

गोचीडवैरी:

एक वेगळा मुद्दा. गप्प असण्याचं कारण आजारही असू शकतं. आमची मोठी कुत्री आली तेव्हा सगळे तिला शहाणी म्हणायचे. दिवसभर पडून, जिना दिसला की थांबायची. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स खूप खाली, गोचीडताप निघाला. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा २८ दिवसांचा कोर्स झाला आणि मग आम्हाला कळलं की आपल्या घरात एक दांडगट बाई राहते! आजही बॉल दिसला की सोफ्यावरून उडी.

तेव्हा ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघा, फिकट नकोत. उठताना मागचे पाय अवघडतात का, कडक खाऊ एकाच बाजूने चावते का, तेही बघा. आणि रक्ताचा ताजा रिपोर्ट जरूर मागा. लसीकरणाच्या कार्डावरून यातलं काही कळत नाही.

उंबरठा:

वरचं सगळं पटलं. मी फक्त आणल्यानंतरचं सांगतो. पहिले काही दिवस फिरवताना पळून जाण्याचा धोका सर्वात जास्त असतो. भित्रं कुत्रं हार्नेसमधून (छातीभोवती बांधायच्या पट्ट्यातून) मागे सरकून सहज निसटतं. हार्नेसला एक आणि गळपट्ट्याला दुसरी, अशा दोन दोऱ्या लावा. आमचा असाच निसटला होता, गळ्यातल्या दोरीने वाचला.

फॉस्टरकडे जे खाते तेच द्या, बदलायचं असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. तिची तिथली चादर न धुता आणा.

सासूबाईंच्या काठीचा विचार आत्ताच करा. काठीचा मार खाल्लेली कुत्री पुष्कळ असतात. आणायच्या आधी तिला काठी दिसू दे, जमिनीवर आडवी ठेवून आजूबाजूला खाऊ टाकून बघा.

सांजवेळ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा जाऊन आलो. ओसरीताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे विचारलं. पहिले बारा दिवस ती दिवे बंद झाल्यावरच खायची. आता भांड्याचा आवाज आला की स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहते. ताईंनी व्हिडिओ दाखवला, शेपूट चक्क गोल फिरत होती. आमच्यासमोर मात्र अजून नाही.

मुलाने बाजूला बसून खांद्याला खाजवलं, मनातल्या मनात तीन मोजून हात मांडीवर ठेवला. ती तशीच बसून राहिली. आम्हीही गप्प. बऱ्याच वेळाने तिने नाक पुढे करून त्याच्या बोटांखाली घातलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवल्यावर पुन्हा खाजवलं.

रक्त आज तपासायला दिलंय. रविवारी सासूबाईंना काठीसकट घेऊन जातोय.