'निर्लेखन', 'बाद करणे' आणि 'विक्री'

प्रश्न : सार्वजनिक ग्रंथालयाने संग्रहातील जुने, दुर्मिळ ग्रंथ विकले, तर त्या कृतीला 'निर्लेखन' म्हणावे, 'बाद करणे' म्हणावे की सरळ 'विक्री'?

उत्तर : 'निर्लेखन' हा हिशेबाचा शब्द आहे. दाखल नोंदवहीत पुस्तकाच्या क्रमांकासमोर शेरा मारून ते संग्रहातून कमी केले की निर्लेखन पूर्ण होते. पुढे ते रद्दीत गेले, दुसऱ्या ग्रंथालयाला मिळाले की लिलावात गेले, हे त्या शब्दातून कळत नाही. बँकेने निर्लेखित केलेले कर्ज माफ झालेले नसते, हे आठवले म्हणजे या शब्दाची मर्यादा ध्यानात येते.

'बाद' या शब्दात मात्र निवाडा असतो. मत बाद होते, नाणे बाद होते, ते चालेनासे झाले म्हणून. पाने सुटलेले क्रमिक पुस्तक खुशाल बाद करावे. पण शतकांपूर्वीचा ग्रंथ विकायला निघतो तो त्याला मोल येते म्हणून, तेव्हा त्याला 'बाद' ठरवणे निव्वळ चुकीचे आहे. ('विल्हेवाट' तर नकोच, मूळ अर्थ व्यवस्था लावणे असा असला, तरी आता त्याला कचऱ्याचा वास येतो.)

सर्वांत फसवा शब्द 'जादा प्रत'. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहाची आपली प्रत, पुढची आवृत्ती हाती आल्यावर, जादा समजून काढून टाकली आणि १९०६ मध्ये लोकवर्गणीतून ३,००० पौंड उभे करून तीच परत विकत घेतली. हातछपाईच्या काळात छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत, त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींतही फरक सापडतात. शिवाय बांधणी, मालकाची सही आणि समासातील टिपा ज्या त्या प्रतीच्याच असतात.

वेल्समधील कार्डिफच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा सुमारे १४,००० जुन्या ग्रंथांचा संग्रह लिलावात जाण्याच्या बेतात होता, पण २०१० मध्ये तो त्याच शहरातील विद्यापीठाकडे एकत्रच गेला. इथे 'हस्तांतर' हा शब्द नेमका बसतो, कारण संग्रह फुटला नाही आणि वाचकांना तो पाहता येतो.

म्हणून बातमीत वा ठरावात नुसते 'निर्लेखित केले' असे न लिहिता 'निर्लेखित करून लिलावात विकले' अशी दोन्ही क्रियापदे वापरावीत.