जनरल ग्रेडला मोर्स अजून कशाला?

फोंड्याचा_वीयू3: नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचं, म्हणजे छंद म्हणून वायरलेस चालवायचं, रिस्ट्रिक्टेड लायसन्स आहे, आता त्याच्या वरच्या जनरल ग्रेडची तयारी करतोय. थिअरीचं टेन्शन नाही, डिप्लोमाला सगळं झालंय, पण मोर्सने, त्या टिंब-रेषांच्या तारेच्या भाषेने, वात आणलाय. मिनिटाला 8 शब्द, म्हणजे 40 अक्षरं, पाठवायचीही आणि ऐकून उतरवायचीही. एस (तीन टिंबं) का एच (चार टिंबं) हे मोजून ठरवेपर्यंत पुढची दोन अक्षरं निघून गेलेली असतात. 2003 ला जिनिव्हाच्या परिषदेत मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठली, इंग्लंड-जर्मनीने त्याच वर्षी परीक्षा काढून टाकली, अमेरिकेने फेब्रुवारी 2007 मध्ये. मग आपणच का लटकलोय?

तारवटी_काका: बाबा, मी बोटीवर रेडिओ ऑफिसर होतो, 500 किलोहर्ट्झवर, बोटींच्या संकटाच्या फ्रिक्वेन्सीवर, कान लावून रात्री काढल्यात. 1 फेब्रुवारी 1999 ला जीएमडीएसएस, म्हणजे जहाजांची सॅटेलाइट आणि डिजिटल रेडिओवरची संकट-संदेश यंत्रणा, पूर्ण लागू झालं आणि बोटीवरचं मोर्स संपलं, सोबत आमची पोस्टपण. जहाजांनी सोडलं ते छंदवाल्यांच्या गळ्यात कशाला बांधायचं? सक्ती काढा, हे मीच म्हणतो.

म्हापशाची_अँटेना: काका, माफ करा, पण पटलं नाही. माझी गच्चीवर एक वायर आणि 5 वॅटचा सेट. मोर्सचा सिग्नल साधारण 150 हर्ट्झमध्ये बसतो, बोलायला 2400 तरी लागतात, म्हणून तेवढ्याच पॉवरमध्ये मोर्स लांब जातं. पावसात 40 मीटरच्या रेडिओ बँडवर विजांची करकर चालू असते तेव्हा समोरच्याचं बोलणं कळत नाही, टोन मात्र कळतो. सक्ती नसती तर मी शिकलेच नसते, खरं सांगते.

तारवटी_काका: बाय, हे शिकायचं कारण झालं, नापास करायचं नव्हे. डिसेंबर 2004 ला अंदमानात हॅम लोकांची मोहीम चालू असतानाच त्सुनामी आली, फोन बंद, मग त्यांच्याच रेडिओवरून निरोप गेले. तेव्हा कोणी मोर्सचे मार्क विचारले?
आणि फोंडेकर, तू टिंबं मोजतोस तिथंच चुकतंय. भिंतीवरचा तक्ता काढून टाक. चवथीला आरतीत घुमट वाजवतोस ना, ते काय कागद बघून शिकलास? सी म्हणजे डा-डि-डा-डिट, अख्खा बोल एकदम कानात बसू दे. अक्षर मिनिटाला 15 शब्दांच्या स्पीडने वाजव, दोन अक्षरांमधली फट लांब ठेव. सावकाश वाजवलंस की मोजायची खोड लागते, मग ती जात नाही.

म्हापशाची_अँटेना: हे मात्र शंभर टक्के. आणि रोज 15 मिनिटंच, रविवारी तीन तास बसून काही होत नाही.

फोंड्याचा_वीयू3: तीन आठवडे झाले, तक्ता काढला. घरी बायको म्हणते जेवताना ताटावर चमचा वाजवू नकोस. एस-एच सुटलं काका. आता एच आणि 5 (पाच टिंबं) मध्ये घोळ होतोय.