प्रतिसाद: रेल्वे आली, माणसं गेली
वर एकांनी लिहिलंय, ‘रेल्वे आली आणि कोकण मार्गी लागलं.’ इतकं सोपं नाही हो. १९९८ साली गाडी पूर्ण मार्गावर धावू लागली. आता २००१ आणि २०११च्या जनगणना शेजारी ठेवा: रत्नागिरी १६.९७ लाखांवरून १६.१५, सिंधुदुर्ग ८.६९वरून ८.५०. (रेल्वे नसती तर आणखी घटली असती का, हा प्रश्न आहेच.) प्रकल्पाचा फायदा मोजताना वाचलेल्या तासांचा हिशोब होतो, ते तास कुणाच्या पदरात पडले याचा फारसा नाही. रो-रोवर (म्हणजे भरलेले ट्रक रेल्वेच्या वॅगनवर चढवून नेणारी सेवा) चढलेला ट्रक कोलाडहून निघतो तो थेट गोव्यात वेर्ण्याला उतरतो. मधल्या गावांना नुसता खडखडाट. आणि हापूसच्या पेट्या? त्या अजून मुख्यतः ट्रकनेच वाशीला जातात, घाटातले खड्डे मोजत.